यादीत नाव न देणारी मुले

पुण्याहून किंवा ठाण्याहून मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आजी-आजोबा एक प्रश्न हमखास विचारतात. नातू अठरा वर्षांचा झाला आणि सरकारी खात्याचे पत्र आले, लष्करासाठी नाव नोंदव म्हणून. अमेरिकेत सक्तीची भरती तर कधीच बंद झाली ना? मग हे काय? नाव दिले नाही तर खरेच तुरुंगात टाकतात? आणि आजवर कुणी ‘नाही देत’ असे म्हटले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगतो. म्हटले आहे, आणि लाखोंनी म्हटले आहे. त्यातल्या वीस जणांवर खटले झाले, काही तुरुंगात गेले, आणि ज्या यादीसाठी हे सारे घडले ती यादी आजही धड उभी राहिलेली नाही. ते समजून घ्यायचे तर बाकीचे प्रश्न एकेक करून सोडवावे लागतील.

१. भरती नाही, मग नोंदणी कशाला?

आपल्याकडे हा प्रश्न पडायचे कारण साधे आहे. भारतात सक्तीची लष्करसेवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावातली मुले पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जातात ती स्वतःहून, आणि भरतीच्या मैदानावर जागांपेक्षा उमेदवारच कितीतरी जास्त असतात. त्यामुळे ‘भरती’ आणि ‘भरतीसाठीची नोंदणी’ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे आपल्या सहज ध्यानात येत नाही.

अमेरिकेत त्या वेगळ्या आहेत. भरती म्हणजे सरकारने बोलावले की गणवेश चढवायचा. नोंदणी म्हणजे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक सरकारकडे देऊन ठेवायचा. उद्या संसदेने भरती सुरू केलीच तर कुणाला बोलवायचे याची यादी तयार असावी म्हणून. हे काम ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ नावाचे स्वतंत्र खाते करते.

सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी नोंदणीही थांबवली. पाच वर्षे कुणालाच काही द्यावे लागले नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि २३ जानेवारी १९८० रोजी संसदेपुढच्या भाषणात जिमी कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. लक्षात घ्या, त्यांनी भरती सुरू केली नाही. मॉस्कोला इशारा द्यायचा होता, तो त्यांनी अठरा-वीस वर्षांच्या मुलांची यादी करून दिला.

तेव्हाची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. खुद्द सिलेक्टिव्ह सर्व्हिसने त्याच जानेवारीत तयार केलेल्या अहवालाच्या मसुद्यात म्हटले होते की शांततेच्या काळात नोंदणी करून ठेवण्याची गरज नाही. ऐनवेळी नोंदणी केली तरी जेमतेम सात दिवसांचा फरक पडेल. हा सल्ला बाजूला ठेवला गेला.

२. उद्या भरती झालीच, तर क्रम कसा लागेल?

विरोध समजण्याआधी यंत्रणा समजायला हवी, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा संसदेने कायदा केला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय कुणालाही बोलावता येत नाही. मग सोडत निघेल. एका पिंपात वर्षातल्या सगळ्या तारखा, दुसऱ्यात १ पासून ३६५ पर्यंतचे आकडे. पहिल्या पिंपातून १० जून निघाला आणि दुसऱ्यातून १२, तर १० जूनला जन्मलेल्या मुलांचा क्रमांक बारावा.

पण सगळ्या वयाच्या नव्हे. ज्यांना त्या वर्षी वीस वर्षे पूर्ण होतात त्यांचा गट पहिला. तो संपला तर एकवीस, बावीस असे करत पंचवीसपर्यंत, आणि त्यानंतर एकोणीस व अठरा. म्हणजे १० जूनला जन्मलेल्या दोन भावांपैकी वीस वर्षांच्या थोरल्याला पहिल्याच फेरीत पत्र येईल, अठरा वर्षांच्या धाकट्याला बहुधा येणारच नाही. पत्र आल्यावर वैद्यकीय तपासणी, मग सूट मागायची असेल तर स्थानिक मंडळापुढे अर्ज. हुकूम सुटल्यापासून १९३ दिवसांच्या आत पहिली तुकडी लष्कराच्या हवाली करायची, असे या खात्याचे नियोजन आहे.

३. मागच्या पिढीचा अनुभव

१९८० मधल्या मुलांच्या मनात व्हिएतनाम ताजे होते. थोरले भाऊ, शेजारचे दादा, शाळेतले मास्तर त्या वणव्यातून गेले होते. १९६४ ते १९७३ या काळात सुमारे साडेअठरा लाख तरुणांना सक्तीने सैन्यात घेतले गेले. कॉलेजात शिकणाऱ्यांना पुढची तारीख मिळे, म्हणून पैसेवाल्यांची मुले शिकत राहिली आणि गिरण्या-शेतांतली मुले गेली. १९७१ मध्ये नव्या विद्यार्थ्यांची ही सवलत काढेपर्यंत असेच चालले. १ डिसेंबर १९६९ ला सोडत काढली ती न्याय व्हावा म्हणून. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. पुढे आकडेमोड करणाऱ्यांनी दाखवून दिले की चिठ्ठ्यांच्या कुप्या नीट कालवल्याच नव्हत्या. वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांना लवकरचे क्रमांक जास्त मिळाले होते.

विरोधाच्या तऱ्हा तेव्हाच घडल्या. १९६५ मध्ये भरतीचे कार्ड नष्ट करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्हिड मिलर या कॅथलिक तरुणाने न्यूयॉर्कमध्ये भर सभेत कार्ड जाळले. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये नाव पुकारल्यावर, भरती स्वीकारल्याची खूण म्हणून टाकायचे एक पाऊल पुढे टाकायला नकार दिला. विजेतेपद गेले, ऐन उमेदीची वर्षे गेली, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १७ मे १९६८ ला मेरीलँडमधल्या केटन्सव्हिल गावी नऊ कॅथलिक कार्यकर्त्यांनी भरती कार्यालयातल्या शेकडो फायली बाहेरच्या वाहनतळावर आणून घरी बनवलेल्या नापामने पेटवल्या. पळून न जाता ते तिथेच प्रार्थना करत पोलिसांची वाट पाहत उभे राहिले. त्यांच्यात डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे दोन धर्मगुरू बंधू होते.

हजारो तरुण कॅनडात गेले. २१ जानेवारी १९७७ रोजी, म्हणजे सत्तेवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भरती टाळणाऱ्या तरुणांना माफी देणारे राष्ट्राध्यक्ष होते जिमी कार्टर. तीन वर्षांनी नोंदणी परत आणली तीही त्यांनीच. अनेकांना हा विश्वासघात वाटला, आणि तसे वाटणे मला रास्त वाटते.

४. पोस्टाच्या खिडकीपाशी

२१ जुलै १९८० पासून नोंदणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात १९६० मध्ये जन्मलेले, दुसऱ्यात १९६१ चे. जागा होती गावोगावचे पोस्ट ऑफिस. एक छोटा अर्ज, खिडकीपलीकडचा कारकून, आणि बाहेर फलक घेऊन उभे असलेले लोक: युद्धविरोधी संघटनांचे जुने कार्यकर्ते, क्वेकर आणि मेनोनाइट पंथांचे शांततावादी, डाव्या विचारांचे विद्यार्थी, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून सरकारची कुठलीच सक्ती नको म्हणणारे लिबर्टेरियन. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे इथे एकत्र आली. मुलींना नोंदणी लागू नव्हती, तरी संघटना बांधण्यात, पत्रके छापण्यात, खटल्यांसाठी पैसे गोळा करण्यात त्या पुढे होत्या.

मुलींना लागू का नव्हती, हाही वादाचा मुद्दा होता. कार्टर यांनी दोघांची नोंदणी मागितली होती. संसदेने पैसे दिले ते फक्त मुलांच्या नोंदणीसाठी. नोंदणी सुरू व्हायच्या तीन दिवस आधी फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी स्थगिती दिली, आणि १९८१ मध्ये ‘रॉस्टकर विरुद्ध गोल्डबर्ग’ या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी मुलांपुरती नोंदणी वैध ठरली. यातले बर्नार्ड रॉस्टकर म्हणजे सिलेक्टिव्ह सर्व्हिसचे तेव्हाचे संचालक. हे नाव लक्षात ठेवा.

रोनाल्ड रेगन यांनी १९८० च्या प्रचारात नोंदणीला विरोध केला होता. निवडून आल्यावर ७ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी ती चालू ठेवली; तिच्यामुळे सैन्य उभारताना सहा आठवड्यांपर्यंत वेळ वाचेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी नाव दिले नाही त्यांना फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत मिळाली. मुदत संपल्यानंतर सरकारच्याच अंदाजाप्रमाणे नोंदणीस पात्र होते सुमारे ९० लाख ३९ हजार आणि नावे आली होती ८३ लाख ६५ हजार. वजाबाकी केली की उरतात ६ लाख ७४ हजार.

हा आकडा सरकारला पेलणारा होता का, ते हिशेब करून पाहू. या सगळ्यांवर रोज एक खटला, सुटी न घेता, चालवायचा म्हटले तर अठराशेहून जास्त वर्षे लागतील. शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. दंडाची मर्यादा पुढे अडीच लाख डॉलर झाली. कायद्यात एवढी शिक्षा आणि देशात एवढे गुन्हेगार. मग पकडायचे कुणाला?

५. ‘जाणूनबुजून’ हा शब्द

या प्रश्नाचे उत्तर कायद्यातल्या एका अटीत आहे, आणि पुढचे सगळे या अटीवर उभे आहे. नोंदणी न करणे हा गुन्हा केव्हा? जाणूनबुजून टाळली तेव्हा. मुलाला हे कर्तव्य ठाऊकच नव्हते, विसरला, पत्र जुन्या पत्त्यावर गेले, तर गुन्हा सिद्ध होत नाही. त्याला माहीत होते आणि तरी त्याने केले नाही, हे सरकारी वकिलाने पुराव्यानिशी दाखवायचे.

गप्प बसलेल्याच्या मनात काय होते हे कसे दाखवणार? अवघड आहे. पण ज्याने राष्ट्राध्यक्षांना सही करून पत्र लिहिले, ‘मला हा कायदा ठाऊक आहे, आणि माझ्या विवेकाला पटत नाही म्हणून मी नाव देणार नाही,’ त्याने सरकारच्या हातात पुरावा आपण होऊन ठेवला. वर्गात निम्म्या मुलांनी गृहपाठ केलेला नाही; गुरुजी वह्या तपासत नाहीत; एक मुलगा उभा राहून ‘मी केला नाही, कारण मला तो चुकीचा वाटतो’ असे सांगतो, आणि छडी त्याच्याच हातावर बसते. सिलेक्टिव्ह सर्व्हिसने नेमके हेच धोरण ठेवले. स्वतः पत्र लिहिणाऱ्यांची किंवा दुसऱ्या कुणी कळवलेल्यांची फाइल करायची, त्यांना ताकीद द्यायची, एफबीआयचा माणूस घरी पाठवून ‘अजून नोंदव, सोडून देतो’ असे सांगायचे, आणि तरी नाही ऐकले तर खटला.

इथे मराठी वाचकाला गांधींचे जोहान्सबर्ग आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथला झगडाही नोंदणीचाच होता. ट्रान्सवालमधल्या आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगावा, या हुकमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी एम्पायर थिएटरमध्ये सभा झाली आणि तुरुंगात जाऊ पण नाव देणार नाही अशी शपथ घेतली गेली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर नोंदणीपत्रे कढईत घालून जाळली. कायदा लपून मोडायचा नाही, उघड मोडायचा आणि शिक्षा घ्यायची, हा गांधींचा मार्ग अमेरिकेतल्या शांततावाद्यांनी पुढच्या काळात मनापासून अभ्यासला. त्याच गांधींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी माणसे मिळवायला पायपीट केली होती, हेही इथे नोंदवले पाहिजे. अहिंसेचा हिशेब त्यांनाही एका दिवसात सुटला नव्हता.

६. वीस खटले

१९८२ ते १९८६ या काळात एकूण वीस जणांवर आरोप ठेवले गेले. तेहतीस-चौतीस हजारांमागे एक, असे हे प्रमाण पडते.

पहिले आरोपपत्र ३० जून १९८२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेन सॅसवे या विद्यार्थ्यावर. त्याने कार्टर यांना पत्र लिहून नकार कळवला होता. सान डिएगोच्या न्यायालयाने त्याला तीस महिन्यांची शिक्षा दिली. पण पहिला दोषी ठरला तो व्हर्जिनियातला एन्टन एलर. हा ब्रेदरेन या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा मुलगा. त्याचे म्हणणे कुणालाही कळेल असे होते: देव आणि सरकार यांच्या आज्ञा जुळत नसतील तर मी देवाची पाळतो, आणि सरकारची शिक्षा सोसतो. न्यायालयाने त्याला थेट तुरुंगात न धाडता प्रोबेशन आणि समाजसेवा दिली. ओहायोत मेनोनाइट पंथाच्या मार्क श्मकरवर खटला झाला, मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड हॅसब्रूकवर, न्यूयॉर्क राज्यात अँडी मेजरवर, विस्कॉन्सिनमध्ये गिलम कर्लीवर. हॅसब्रूक आणि मेजर यांनी काही महिने कैद भोगली. हॅसब्रूक यांनी या विषयावरचे लेखन आणि प्रचार पुढची चाळीस वर्षे सोडला नाही.

सर्वांत महत्त्वाचा ठरला पॅसाडिनाच्या डेव्हिड वेट याचा खटला. त्याच्या वकिलांनी बचाव केला तो असा: पावणेसात लाखांनी कायदा मोडला आणि तुम्ही धरता फक्त बोलणाऱ्यांना, म्हणजे शिक्षा नोंदणी न केल्याची नव्हे, बोलल्याची आहे, आणि बोलण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे. लॉस एंजेलिसचे न्यायाधीश टेरी हॅटर यांना यात तथ्य दिसले. त्यांनी सरकारकडे कागदपत्रे मागितली, राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार एडविन मीस यांची साक्ष मागितली. सरकारने नाकारले. हॅटर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये खटलाच काढून टाकला.

प्रकरण वर गेले आणि मार्च १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: सरकारने बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलण्यासाठी निवडले हे सिद्ध झालेले नाही. ज्यांची नावे हाती आली त्यांच्यावर कारवाई झाली, आणि त्यांनाही नोंदणी करून सुटण्याची संधी होतीच. मार्शल आणि ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवले. वेटला सरकारी कागद पाहण्याचा हक्क तरी मिळायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

मला मार्शल यांची बाजू पटते. कायदा सर्वांना सारखा आहे असे म्हणायचे आणि अंमल मात्र प्रामाणिक माणसापुरता करायचा, यातून राज्य नागरिकांना एकच शिकवते: बोलू नका. आणि नवल असे की जिंकूनही सरकारने खटले चालवणे सोडून दिले. प्रत्येक खटल्याच्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा होई, न्यायालयाबाहेर सभा भरे, आणि नोंदणी न केलेल्या इतर मुलांना कळे की आपल्यासारखे लाखो आहेत आणि गप्प राहिलेल्यांना कुणी धरत नाही. भीती घालायला काढलेले हत्यार धीर देऊ लागले. शेवटचे आरोपपत्र १९८६ चे. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.

७. तुरुंग नको, फी अडवा

मग यादी भरली कशी? दुसऱ्या वाटेने. न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेराल्ड सॉलोमन यांनी १९८२ मध्ये कायद्यात दुरुस्ती आणली: नोंदणी नाही तर केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज किंवा अनुदान नाही. १९८५ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांनाही ही अट लागली. पुढे बहुतेक राज्यांनी वाहनपरवान्याच्या अर्जालाच नोंदणी जोडली. गाडी चालवायचा परवाना मागितला की नाव आपोआप पुढे जाते.

तेव्हाच्या एकाच वर्गातले दोन मित्र घ्या. दोघांनाही युद्ध नामंजूर, दोघांनीही नाव दिले नाही. पहिल्याची फी वडील भरतात. त्याचे काहीच बिघडत नाही. दुसऱ्याची आई दुकानात काम करते आणि तो सरकारी कर्जावर शिकतो. त्याला एक तर विवेक सोडावा लागतो, नाही तर कॉलेज. गुन्हा एक, खटला कुणावरच नाही, आणि शिक्षा फक्त गरिबाला.

मिनेसोटातल्या काही विद्यार्थ्यांनी नावे गुप्त ठेवून या कायद्याला आव्हान दिले. खटला चालवल्याशिवाय शिक्षा देणे घटनेत बसत नाही, असे ते म्हणाले. खालच्या न्यायालयात जिंकले. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध दोन मतांनी हरले. इथेही मार्शल यांनी वेगळे मत लिहिले आणि हा बोजा पैशाची गरज असलेल्यांवरच पडतो हे दाखवून दिले. तुरुंगाची धमकी जे करू शकली नाही ते फीच्या पावतीने केले, आणि या सगळ्या प्रकरणातला मोठा अन्याय मला हाच वाटतो. सॅसवे आणि वेट यांची नावे निदान इतिहासात आहेत. कर्जाच्या अर्जावर खूण करताना ज्याचा हात अडखळला, त्याची कुठे नोंद नाही.

शैक्षणिक मदतीची ही अट डिसेंबर २०२० मध्ये संसदेनेच केलेल्या कायद्याने निघाली. अडतीस वर्षे ती होती.

८. विवेकाला कायद्यात जागा आहे का?

आहे, पण नोंदणीच्या वेळी नाही. युद्धात भाग घेणे ज्याच्या धर्मश्रद्धेला किंवा खोल नैतिक धारणेला मान्य नाही, त्याला शस्त्र न धरता दुसरी सेवा देण्याची मुभा अमेरिकी कायदा देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ आणि १९७० च्या निकालांनी ही मुभा केवळ चर्चच्या सभासदांपुरती न ठेवता गंभीर नैतिक धारणेपर्यंत वाढवली. म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरातला मुलगा अहिंसेच्या आधाराने असा दावा करू शकतो, आणि कुठलाच धर्म न मानणाराही.

मात्र विरोध सगळ्याच युद्धांना हवा. ‘दुसऱ्या महायुद्धात लढलो असतो, व्हिएतनाममध्ये नाही’ अशी निवड चालत नाही, असे न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले. आणि दावा करायचा तो भरती सुरू होऊन बोलावणे आल्यावर. नोंदणीच्या अर्जावर त्यासाठी रकानाच नाही. म्हणून शांततावादी संस्था मुलांना सांगतात की अर्जावर आपले म्हणणे हाताने लिहा, त्याची प्रत तारखेसह जपून ठेवा, आपल्या धारणेबद्दल ओळखीच्या माणसांची पत्रे मिळवा. पुढे कधी मंडळापुढे उभे राहावे लागले तर ‘आत्ता सुचले’ असे कुणी म्हणू नये म्हणून.

९. यादीचे पुढे काय झाले?

नाव देऊन काम संपत नाही. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचे, असा नियम आहे. अठरा ते पंचवीस या वयात अमेरिकी मुलगा वसतिगृह, भाड्याची खोली, दुसरे शहर, पहिली नोकरी असा किती वेळा हलतो, ते त्याच्या आईला विचारा. जवळजवळ कुणीच कळवत नाही. त्यासाठी कुणाला पकडलेही जात नाही. बोलावण्याचे पत्र पोचल्याचे सिद्ध झाले नाही तर ‘जाणूनबुजून’ची अट पुन्हा आडवी येते.

नावे गोळा करण्याचा आटापिटा कुठवर गेला होता याची एक हकिगत १९८४ मध्ये गाजली. फॅरेल्स नावाच्या आइस्क्रीमच्या दुकानांत वाढदिवसाला मुलांना फुकट आइस्क्रीम मिळे. त्यासाठी नाव आणि जन्मतारीख लिहून द्यायची. कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांनी लहानपणी जादा आइस्क्रीम मिळावे म्हणून जॉनी क्लॉम्बर्ग नावाच्या मुळात नसलेल्या मित्राचे नाव दिले होते. ही वाढदिवसांची यादी विकली गेली आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या हाती पडली. त्या काल्पनिक मुलाला अठरा वर्षे ‘पूर्ण’ झाली तेव्हा त्याच्या नावे नोंदणीची सूचना आली. बोभाटा झाल्यावर खात्याला ती यादी सोडावी लागली.

आता ते नाव आठवा. बर्नार्ड रॉस्टकर, ज्यांनी १९८० मध्ये ही यंत्रणा पुन्हा उभी केली. एप्रिल २०१९ मध्ये या विषयावर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले की ही यादी निरुपयोगी नव्हे, त्याहूनही वाईट आहे, आणि कायदा रद्द करावा. जन्मदात्यानेच हे सांगितले. तरी मार्च २०२० मध्ये आयोगाने शिफारस केली ती यादी बंद करण्याची नव्हे, मुलींनाही तीत घेण्याची. मुलांपुरती नोंदणी घटनाबाह्य आहे असा टेक्सासच्या न्यायाधीशांचा २०१९ चा निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला, आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायचे नाकारले. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने संरक्षण विधेयकात वेगळीच तरतूद घातली: सरकारी नोंदींवरून मुलांची नावे आपोआप चढवायची. त्या वर्षीच्या अंतिम कायद्यात ती टिकली नाही; डिसेंबर २०२५ च्या कायद्यात मात्र ती आली. कल्पनेमागचा हेतू उघड आहे. विचारलेच नाही तर कुणी नाही म्हणू शकणार नाही.

१०. मराठी घरांसाठी काही पक्क्या गोष्टी

सुरुवातीच्या आजी-आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. आपोआप नोंदणी अमलात येण्याआधीचा नियम असा: अमेरिकी नागरिक असलेला, किंवा ग्रीन कार्डावर तिथे राहणारा प्रत्येक मुलगा अठरावा वाढदिवस झाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करायला बांधील असतो. अमेरिकेत जन्मून आई-वडिलांबरोबर पुण्यात परतलेला मुलगाही नागरिक असतो, म्हणून त्यालाही हे लागू आहे. कोथरूडमध्ये राहतो म्हणून सुटत नाही. विद्यार्थी व्हिसावर किंवा आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाच्या आधाराने तिथे असलेल्याला, तो व्हिसा वैध असेपर्यंत, नोंदणी लागत नाही. पण सव्विसावा वाढदिवस होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाले तर लागते, आणि नेमके इथेच पुष्कळ घरांची चूक होते.

ती चूक महाग कशी पडते पाहा. मुलगा सतराव्या वर्षी ग्रीन कार्डावर आला, नोंदणी राहून गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी तो नागरिकत्वाचा अर्ज करतो. अधिकारी मागच्या पाच वर्षांचे वर्तन तपासतो. त्या पाच वर्षांत, म्हणजे तेवीस ते पंचवीस या वयात, तो नोंदणीस पात्र असूनही नोंदलेला नव्हता. आता त्याने दाखवायचे की हे अजाणता झाले. एकतिशी ओलांडल्यावर ही अडचण बहुतेक सुटते, कारण पंचविशीपर्यंतचा काळ त्या पाच वर्षांच्या बाहेर पडतो.

अर्ज स्वतः भरायची पद्धत चालू असेपर्यंत, पोटचा मुलगा अठरा वर्षांचा होत असेल तर त्याच्या वतीने खूण करून मोकळे होऊ नका. त्याला बसवून सांगा की हा अर्ज कशासाठी आहे, नाही म्हणणाऱ्यांचे काय झाले, विवेकाच्या आधारे सूट कशी मागतात, आणि नाव न दिल्याचे काय परिणाम होतात. मग नाव द्यायचे, हाताने आपले म्हणणे लिहून द्यायचे की नाकारायचे, हे त्याला ठरवू द्या. सव्विसावा वाढदिवस झाला की नोंदणीची खिडकी कायमची बंद होते.